धागा तुटला की माग थांबावा

मालेगावच्या यंत्रमागावर विणलेले कापड एका कारखान्यात तयार होत नाही. सूत सूतगिरणीतून येते, ती गिरणी कधी दुसऱ्या जिल्ह्यातली असते, कधी दुसऱ्या राज्यातली. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लागते ती गावातल्या सायझिंगमध्ये. विणकाम होते दहा-वीस मागांच्या शेडमध्ये, अनेकदा मालकाच्या घराला लागूनच. कोरे कापड, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेतले ‘ग्रे’, पुढे धुलाई, रंगाई आणि छपाईसाठी पाली, बालोतरा, जेतपूर, अहमदाबाद अशा गावांना जाते. प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा, हिशेब वेगळा आणि बऱ्याचदा भाषाही वेगळी. संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन, कारखानदारीतला ‘टीक्यूएम’, या शहरात काय करू शकते हे समजून घ्यायचे तर ही साखळी आधी डोळ्यांपुढे हवी.

या व्यवस्थापनाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. तयार मालाची शेवटी तपासणी करून वाईट माल बाजूला काढला की ग्राहकाला चांगला माल मिळतो, पण वाईट माल तयार व्हायचा थांबत नाही. त्याचे सूत, वीज, मजुरी सगळे खर्ची पडलेले असते. म्हणून दोष जिथे जन्मतो तिथेच त्याला पकडायचे, त्याचे कारण शोधायचे आणि ते कारण काढून टाकायचे. हे काम एकट्या तपासनिसाचे नव्हे, खरेदीपासून विक्रीपर्यंत सर्वांचे. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला. प्रत्येक उत्पादनात थोडा फरक पडणारच. त्यातला नेहमीचा फरक कोणता आणि काहीतरी बिघडल्याची खूण कोणती, हे त्या आलेखावरून कळते. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये आणि जोसेफ जुरान यांनी १९५४ मध्ये ही विचारसरणी जपानी उद्योजकांपुढे ठेवली. आर्मांड फायगेनबॉम यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात गुणवत्तेला साऱ्या कारखान्याची जबाबदारी ठरवले. काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने १९६२ पासून जपानी कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली. इशिकावा यांचे एक सूत्र मालेगावच्या संदर्भात फार महत्त्वाचे आहे: कारखान्यातला पुढचा विभाग हा आपला ग्राहकच समजावा.

भारत या प्रवाहापासून दूर नव्हता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले. म्हणजे जपानमधल्या डेमिंग यांच्या गाजलेल्या व्याख्यानांच्याही आधी. अहमदाबादची ‘अटिरा’ ही कापड संशोधन संस्था १९४७ मध्ये आणि मुंबईची ‘बीटीआरए’ १९५४ मध्ये स्थापन झाली. कापड गिरण्यांमध्ये सूत तपासायच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुढे मोटार आणि यंत्र उद्योगाने ही परंपरा खूप पुढे नेली. महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले आणि २००७ मध्ये जपान गुणवत्ता पदक. गुणवत्तेवरची मराठी व्याख्याने आणि लेख बहुतेक वेळा अशाच कारखान्यांची उदाहरणे देतात. यंत्रमागाचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो, आणि ते विचित्र आहे, कारण या विचारसरणीचा एक मोठा झरा मागापाशीच उगम पावला आहे.

जपानमधल्या एका सुताराचा मुलगा साकिची तोयोदा (१८६७–१९३०) याने लाकडी हातमागापासून सुरुवात केली आणि १८९६ मध्ये यांत्रिक शक्तीवर चालणारा माग तयार केला. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला की थांबण्याची सोय त्या मागात होती. १९२४ मध्ये त्याच्या गटाने ‘टाइप जी’ हा स्वयंचलित माग पूर्ण केला. बाणा वाहून नेणाऱ्या धोट्यातले सूत संपत आले की हा माग वेग न घटवता दुसरा धोटा घेई, आणि ताण्यातला एखादा धागा तुटला की आपोआप थांबे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याने पुढे मोटारींकडे मोर्चा वळवला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. बिघाड दिसताच यंत्राने किंवा कामगाराने काम थांबवायचे, हा टोयोटाच्या उत्पादन पद्धतीतला ‘जिदोका’ नावाचा आधारस्तंभ मागावरूनच मोटारींच्या कारखान्यात गेला. जगभरच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत तो मोटारींच्या उदाहरणाने शिकवतात. मालेगावच्या कामगाराला तो चार वाक्यांत समजेल.

मालेगावचा माग मात्र या वाटेने गेला नाही. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरले. त्यांतले बरेच मालेगावात स्थिरावले आणि हातमागावर रंगीत साड्या विणू लागले. १९३० च्या दशकापासून विजेवरचे माग आले. स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि त्यात गिरण्यांनी टाकून दिलेल्या जुन्या मागांचा वाटा मोठा होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर ही हालचाल आणखी वाढली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांच्याकडे विणकाम सरकले, पण गिरणीची प्रयोगशाळा, तपासणी खाते, हवेतला दमटपणा राखणारी यंत्रणा हे काही सरकले नाही. गिरणीत सूतकताई, खळ, विणकाम आणि प्रक्रिया एकाच आवारात होती. विणखात्यात मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरला सूत कच्चे वाटले तर तो कताई खात्यापर्यंत चालत जाऊ शकत असे. मालेगावच्या मालकाला ते सूत कोणत्या गिरणीच्या कोणत्या दिवसाच्या उत्पादनातले आहे, एवढेही अनेकदा सांगता येत नाही.

साधा माग, ज्याला कामगार ‘सांचा’ही म्हणतात, कसा चालतो ते पाहिले की गुणवत्तेचा प्रश्न आकड्यांत मांडता येतो. समजा कापडाचा पन्हा ४८ इंच आहे आणि इंचाला ६० धागे ताण्याचे, ६० बाण्याचे. म्हणजे बीमवरून, ताणा गुंडाळलेल्या रुळावरून, एकाच वेळी २,८८० धागे येत आहेत. माग मिनिटाला १४० वेळा धोटा फेकतो असे धरले तर मिनिटाला सुमारे सव्वादोन ते अडीच इंच कापड निघते. बारा तासांच्या पाळीत, तीन-चतुर्थांश वेळ माग चालू राहिला तर, ३२ मीटरच्या आसपास. धोट्यातल्या कांडीवर चौदाशे मीटर सूत असेल तर ती आठेक मिनिटांत संपते. एका कामगाराकडे सहा माग असतील तर सरासरी दर ८० सेकंदांनी त्याला कुठल्या ना कुठल्या मागाची कांडी बदलावी लागते. त्याचे डोळे आणि हात कांड्यांमागे गुंतलेले असतात. आणि साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर माग थांबत नाही.

आता तपासणीच्या टेबलाकडे जाऊ. निर्यातीच्या आणि मोठ्या तयार कपड्यांच्या व्यापारात कापड चार गुणांच्या पद्धतीने तपासतात. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, तीन ते सहा इंचांना २, सहा ते नऊ इंचांना ३ आणि नऊ इंचांहून लांब दोषाला ४. हे गुण दंडाचे आहेत. दर १०० चौरस वारांमागे ४० पर्यंत गुण चालतात, असा सर्वसाधारण संकेत आहे. शंभर मीटरच्या, ४८ इंची ताग्यात ५० गुण भरले तर हिशेब सुमारे ३४ येतो आणि तागा पास होतो. तुटलेला धागा कामगाराला एका मिनिटात दिसला तर दोष अडीच इंचांच्या आत राहतो आणि दंड १ गुणाचा. पाच मिनिटांनी दिसला तर दोष अकरा-बारा इंच लांब झालेला असतो, दंड ४ गुणांचा. कापड ‘फ्रेश’ ठरणार की ‘सेकंड’, हे अशा चार-पाच मिनिटांवर ठरते. सूत तेच, माग तोच, कामगारही तोच.

धागा तुटल्याचा दोष उभा दिसतो. आडव्या दोषांचे कारण वेगळे असते. जुन्या मागावर बीमचा ताण साखळी किंवा दोर आणि लोखंडी वजनांनी राखलेला असतो. बीम भरलेला असताना लागणारे वजन आणि तो रिकामा होत आल्यावर लागणारे वजन सारखे नसते, म्हणून पाळीत अधूनमधून वजने सरकवावी लागतात. ती वेळेवर सरकली नाहीत तर बाण्याची दाटी कमी-जास्त होते. कोऱ्या कापडात हे फारसे दिसत नाही. रंगाच्या हौदातून बाहेर आल्यावर मात्र पट्टे उमटतात, आणि तोपर्यंत कापड मालेगावपासून शेकडो किलोमीटर दूर पोचलेले असते. तेलाच्या डागांचेही तसेच. झिजलेल्या भागांना सतत तेल द्यावे लागते, ते थेंबथेंब ताण्यावर पडते. वीज जाऊन आल्यावर माग पुन्हा सुरू होतो तेव्हा पहिले काही धागे नीट ठोकले जात नाहीत आणि तिथे एक आडवी रेघ राहते. मालेगावचा वीजपुरवठा मार्च २०२० पासून खासगी फ्रँचायझीकडे आहे. विजेच्या चर्चेत दर आणि थकबाकी यांचेच बोलणे जास्त होते, पण पुरवठ्यातला प्रत्येक खंड शहरातल्या हजारो मागांवरच्या कापडावर आपली खूण ठेवून जातो.

या सगळ्या दोषांवर तंत्रज्ञानाची उत्तरे फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी, म्हणजे ड्रॉप वायर, लोंबकळत ठेवतात. धागा तुटला की ती खाली पडते, विजेचा संपर्क होतो आणि माग थांबतो. बाण्यासाठी एक छोटा काटा असतो. धागा नसला की तो जागेवरून ढळतो आणि माग बंद पडतो. ताण आपोआप जुळवणारी अर्धस्वयंचलित यंत्रणा वजने सरकवण्याचे काम काढून घेते. चांगला ब्रेक माग जागच्या जागी थांबवतो. तेल न लागणारे नायलॉनचे भाग डाग टाळतात. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ पासून ‘पॉवरटेक्स इंडिया’ या योजनेत नेमक्या अशाच जोडण्यांसाठी अनुदान ठेवले होते. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या निम्मे, अनुसूचित जातींच्या मालकांना ७५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या मालकांना ९० टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. नवे माग घेण्यासाठी १९९९ पासून तंत्रज्ञान सुधार निधीची योजना होतीच. मालेगावात केंद्राचे यंत्रमाग सेवा केंद्रही आहे. मागाची दुरुस्ती, प्रशिक्षण आणि सुताची चाचणी ही अशा केंद्रांची कामे.

तरीही साधा माग साधाच राहिला, आणि याला मालकांचा अडाणीपणा हे कारण देणे फार सोपे आहे. पैशांचा प्रवाह पाहिला तर दुसरे चित्र दिसते. मालेगावचे अनेक मालक स्वतःच्या सुतावर विणत नाहीत. व्यापारी सूत देतो, मालक ते विणून देतो आणि त्याला मीटरमागे मजुरी मिळते. दोषांबद्दल त्या मजुरीतून कपात होते. ती कपात कधी मोजून होते, कधी बाजार मंद आहे म्हणून होते, आणि दोन्हींमधला फरक मालकाला कळत नाही. मागावर ड्रॉप वायर बसवून त्याने दोष निम्मे केले तरी कपात निम्मी होईल याची खात्री कुणी देत नाही. चांगल्या कापडाचा जादा दर लिहून ठरलेला नसेल तर सुधारणेचा फायदा साखळीत पुढे कुठेतरी झिरपतो आणि खर्च मागाच्या मालकाच्या वहीत राहतो. इशिकावा यांच्या सूत्रातला ‘पुढचा ग्राहक’ मालेगावात शब्दशः ग्राहक आहे, आणि हीच अडचण आहे. कारखान्याच्या आतला पुढचा विभाग तक्रार करतो, बाहेरचा ग्राहक भाव पाडतो. दोष परत येतो तो रुपयांच्या रूपात. कोणत्या मागावरचा, कोणत्या पाळीतला, कोणत्या बीमचा, ही माहिती वाटेतच गळून पडते. ज्या माहितीवर शूहार्ट यांचा आलेख काढायचा, तीच नेमकी हाती येत नाही.

कामगाराची बाजू याहून टोकदार आहे. त्याची मजुरी कापडाच्या मापावर असते. स्वतः थांबणारा माग त्याच्या दृष्टीने बुडालेले मीटर आहे. तुटलेला धागा शोधायचा, रीडच्या, म्हणजे फणीच्या, फटीतून ओवायचा, गाठ मारायची, यात दोन-चार मिनिटे जातात, आणि त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. बसवलेली जोडणी कुणी तार बांधून निकामी केली तर त्यामागे हाच हिशेब असणार. डेमिंग यांच्या चौदा सूत्रांतले एक सूत्र नगांच्या कोट्यावर बेतलेल्या कामालाच विरोध करते. बहुतांश दोष हे व्यवस्थेतून येतात आणि कामगार ते एकट्याने घालवू शकत नाही, हे त्यांचे ठाम मत होते. ड्रॉप वायरची खरेदी आणि मजुरीची पद्धत हे दोन निर्णय म्हणूनच वेगळे घेता येत नाहीत. तोयोदाच्या मागामुळे एक कामगार तिसाहून अधिक माग सांभाळू शकला, कारण धाग्यांवर पहारा ठेवण्याचे काम यंत्राने उचलले होते. कामगाराचे काम बदलले तर त्याचे पैसे मोजण्याची पद्धतही बदलायला हवी. थांबलेला माग चटकन पूर्ववत करण्याला, किंवा ‘फ्रेश’ निघालेल्या मीटरना, थोडा जादा दर देणे हा एक साधा उपाय आहे. त्यासाठी अनुदान लागत नाही. रोजची नोंद मात्र लागते.

मागाच्या आधीच्या टप्प्यांवर कमी बोलले जाते. ताण्याचे धागे तुटण्याचे कारण अनेकदा सायझिंगमध्ये असते. खळ कमी चढली तर धागा घर्षणाने पिंजतो, जास्त चढली किंवा जास्त वाळली तर ठिसूळ होतो. खळीची दाटी, तापमान आणि सुकवलेल्या सुतातला ओलावा ही तीन मापे दर बीमबरोबर एका चिठ्ठीवर लिहून दिली, आणि मागावर त्या बीमचे किती धागे तुटले हे त्याच चिठ्ठीवर लिहून परत पाठवले, तर दोन महिन्यांत सायझिंगवाल्याला आपली कोणती कृती कोणत्या सुताला चालते हे कळू शकते. या कागदी चिठ्ठीपेक्षा महाग तंत्रज्ञान इथे सुरुवातीला लागत नाही. हवामानाचा भाग मात्र अवघड आहे. सुती विणकामाला हवेत ७५ ते ८५ टक्के आर्द्रता लागते. मुंबईला समुद्राने ती फुकट दिली. मालेगावचा पारा उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढे असतो, हवा कोरडी ठक्क, आणि शेडवर पत्रे. जमिनीवर पाणी शिंपडणे हा रूढ उपाय अपुरा पडतो. धुक्यासारखे पाणी फवारणारी यंत्रे आणि छताला उष्णतारोधक थर यांचा खर्च नव्या मागाच्या मानाने किरकोळ आहे, पण यंत्रमागाच्या चर्चेत त्यांना क्वचितच जागा मिळते. सरकारी योजनांचा आणि मालकांचाही डोळा मागावरच असतो.

धोट्याशिवायचे माग, म्हणजे रेपिअर आणि एअरजेट, हा पुढचा टप्पा. इचलकरंजीने त्या दिशेने बरीच मजल मारली आहे. हवेच्या झोताने बाणा फेकणारा एअरजेट मिनिटाला ६०० हून अधिक धागे टाकतो, म्हणजे साध्या मागाच्या चौपट-पाचपट. धागा तुटला की तो काही फेऱ्यांतच थांबतो, वरचा दिवा पेटतो आणि ताणा तुटला की बाणा, हे दिव्याच्या रंगावरून दुरूनच कळते. प्रत्येक थांब्याची नोंद त्याच्या संगणकात राहते. पण हा माग साखळीतल्या मागच्या सर्व टप्प्यांची परीक्षा घेतो. ताण्याचा धागा मिनिटाला १४० वेळा ओढला जात होता तो आता ६०० वेळा ओढला जातो. साध्या मागावर निभावून जाणारे गाठाळ सूत आणि असमान खळ इथे निभत नाही. माग दर काही मिनिटांनी थांबला तर वेगाचा सगळा फायदा जातो आणि दाबाखालची हवा तयार करायला लागलेल्या विजेचे बिल तेवढे उरते. नवे माग आणूनही जुनेच सूत आणि जुनीच सायझिंग वापरणाऱ्याला कर्जाचे हप्ते जड जातात. इचलकरंजीची नक्कल करायला निघालेल्या गावांनी आधी सूत आणि सायझिंग पाहावे, माग नंतर.

दहा-बारा मागांच्या मालकाला एक एअरजेटही परवडत नाही, आणि मालेगावात बहुसंख्य मालक याच गटातले आहेत. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. पॉवरटेक्समध्ये सामूहिक शेडसाठी तरतूद होती: काही मालकांनी एकत्र येऊन जागा, विद्युत जोडणी आणि चांगले माग उभे करायचे. दुसरी वाट आहे त्याच मागांवर जोडण्या बसवण्याची. दोन्हींत पहिली गरज एकाच गोष्टीची, ती म्हणजे व्यापाऱ्याशी लेखी करार: कापड चार गुणांच्या पद्धतीने तपासले जाईल, तपासणी मालकाच्या किंवा त्याच्या माणसाच्या समोर होईल, इतक्या गुणांपर्यंत हा दर आणि त्यापुढे तो. असा करार झाला की दोष मोजण्यात मालकाला रस उत्पन्न होतो. मग तपासणीचे टेबल, त्यावरच्या नळ्यांचा प्रकाश, मागावर चिकटवलेला क्रमांक आणि ताग्याच्या टोकाला लिहिलेला पाळीचा आकडा या स्वस्त गोष्टी आधी येतात. ड्रॉप वायर किती मागांवर आणि कोणत्या मागांवर आधी बसवायची, हे त्या टेबलावरच्या नोंदींवरून ठरवता येते; बहुधा थोडेच माग बहुतेक दोष देत असल्याचे त्यात आढळते. मालेगावच्या मागांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. जॉबरने झिजलेले भाग बदलायला, नव्या जोडण्या बसवायला आणि आठवड्याच्या नोंदी पाहायला तो दिवस मोकळा आहे.